बाजरीतलं लाल पुस्तक

मुक्ताबाईनं सुनेचा पासपोर्ट बाजरीच्या कोठीत दडवला त्याला एकवीस दिवस झाले होते, आणि या एकवीस दिवसांत एक घासही तिच्या घशाखाली धड उतरला नव्हता. उतरणार कसा? भाकर त्याच कोठीतल्या बाजरीची. रोज सकाळी ती पत्र्याचं झाकण उचलायची, वरवरची बाजरी काढायची आणि हात मनगटाच्या पुढं गेला की विंचू डसल्यासारखा मागं घ्यायची. पुस्तक अगदी तळाशी होतं, कडुलिंबाच्या पाल्याखाली, जुन्या हिरव्या लुगड्याच्या चिंधीत, दोन गाठी मारून. लाल पुठ्ठा, आणि त्यावर एका धडाला दोन तोंडं असलेलं सोनेरी पाखरू. 

दडवायचं असं तिनं काही ठरवलं नव्हतं. त्या दिवशी पोलीस पाटील सहादेव दारात येऊन उभा राहिला. सहादेव काही परका नव्हे. बांधाला बांध लागलेला, शेजारच्या राहीबाईचा नवरा, मुक्ताबाईला वहिनी म्हणणारा. पण हातात कागद होता.

"वैनी, वरनं हुकूम आलाय. गावात भाईरनं आल्याली मानसं किती, कोन, कुठली, यादी करायचीय. वीटभट्टीवरचे, रस्त्याच्या कामावरचे, समदे. तुमची पंकजा बी लिहावी लागंल."

पाणी पिऊन तो गेला, पण मुक्ताबाईच्या तोंडचं पाणी पळालं. तिचा मुलगा गहिनीनाथ विहिरीवर मोटर बघायला गेला होता. तिनं त्याची पेटी उघडली, पुस्तक काढलं आणि कोठीत घातलं. चार दिवसांनी गडबड निवळली की परत ठेवू, एवढाच तिचा बेत.

भीती कशाची, तर तिनं स्वतःच रचलेल्या खोट्याची. गहिनीनाथ दोन वर्षांपूर्वी रशियात भाजीपाल्याच्या शेडवर कामाला गेला. जागा पार त्या टोकाची, जिथं एका नदीच्या अल्याड रशिया आणि पल्याड चीन. शेडमध्ये काकडी-टोमॅटो पिकवणारी माणसं बहुतेक नदीपलीकडून आलेली. तिथंच त्याला लिदा भेटली आणि तिकडच्याच कचेरीत लग्न लागलं. पुढं शेडवर लढाईच्या भरतीचे कागद घेऊन माणसं यायला लागली, तसं दोघांनी बाडबिस्तरा उचलला आणि श्रावणात तिसगावला उतरली. मोहटादेवीसमोर पुन्हा माळा पडल्या आणि लिदाची पंकजा झाली.

एसटीतून उतरल्या उतरल्या बायकांनी घेरलं, "कुठली गं पोरगी?" नाक बसकं, गालाची हाडं वर, आणि डोळे मात्र मांजरासारखे घारे. 'चीन' हा शब्द मुक्ताबाईच्या जिभेवर आला आणि तिनं गिळला. करोनात याच बायका चीनच्या नावानं बोटं मोडत होत्या, आणि गावातली दोन पोरं सरहद्दीवर पहाऱ्याला होती. रशिया म्हणावं तर पुढचं सगळं सांगत बसावं लागलं असतं. हल्ली मुली मिळत नाहीत म्हणून लांबलांबून सुना आणायची चाल पडलेलीच होती.

"नेपाळकडची हाय," ती म्हणाली.

गावानं बिनबोभाट ऐकून घेतलं. पण त्या एका शब्दाला ठिगळं लावता लावता मुक्ताबाईचे सहा महिने गेले होते.

गुरुवारी तिच्या रानात कांद्याची लागण होती. सावडीनं एकमेकींच्या रानात राबणाऱ्या सात बायका वाफ्यात वाकल्या होत्या. पौषातलं ऊन पाठीला बरं वाटत होतं, पण पायाखालचा चिखल बर्फासारखा गार. पंकजाला सातवा महिना होता. ती बांधावर बसून रोपांचे शेंडे छाटायची आणि जुड्या करून बायकांच्या हातात द्यायची. तिची बोटं अशी भरभर चालायची की वाफ्यातल्या बायकांना दम खायला उसंत नव्हती.

"हिच्या हाताला लई वळन हाय," राहीबाई कंबर सरळ करत म्हणाली. "नेपाळात कांदा व्हतो का गं, पंकजा?"

पंकजानं सासूकडे पाहिलं.

"व्हतो की," मुक्ताबाईच म्हणाली.

"आगं, तिला बोलू दे ना. तू काय तिचा वकील हाय?"

"आमी काकडी लावायचो," पंकजा हळूच म्हणाली. सहा महिन्यांत तिनं बोली उचलली होती, फक्त शब्द एकेक करून जपून ठेवल्यासारखे यायचे. "भाईर बर्फ, आत काकडी. प्लास्टिकचं घर."

बायका हसल्या. राहीबाई पण हसली आणि मग वाफ्यातून बाहेर येऊन तिच्याशेजारी बसली. राहीबाई मनानं फार चांगली, आणि मुक्ताबाईला तिच्या त्या चांगुलपणाचीच धडकी भरायची. वाईट माणसाला दार लावता येतं, हिला कसं लावणार?

"आयतवारी डोहाळजेवन हाय," राहीबाई म्हणाली. "पयली ओटी माहेरची लागती. माहेरचं कोन येनार?"

"एवढ्या लांबनं कोन येतंय, राहीबाई?"

"मंग काय पोरीची ओटी तशीच भरायची, वाऱ्यावरची असल्यावानी? त्याचं मी बघते. तू नुसता सयपाक कर."

काय बघणार, हे विचारायला मुक्ताबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. जास्त विचारलं की जास्त सांगावं लागतं, हे ती शिकली होती. हातातलं रोप तिनं इतक्या जोरात चिखलात खुपसलं की ते मोडलं.

शुक्रवारी गहिनीनाथ नगरला परदेशी माणसांच्या नोंदणीच्या कचेरीत जाऊन आला. पासपोर्ट पेटीत नाही हे त्याला आठ दिवसांपूर्वी कळलं होतं. त्यानं पेटी उलटी केली होती, गाद्या उसवल्या होत्या, बैलांच्या गव्हाणीतसुद्धा हात घातला होता. आता तो ओसरीवर बसला आणि त्यानं बूटसुद्धा काढले नाहीत.

"व्हिसा सोमवारी संपतो. त्याच्या आत हिला घेऊन या, पासपोर्ट दाखवा, मुदतवाढीचा अर्ज घेतो म्हनाला सायेब. पासपोर्ट नसंल तर पयलं पोलिसात तक्रार, मंग मुंबईला त्यांच्या वकिलातीत. म्हैने लागत्यात. सोमवार टळला की ही बेकायदा."

"बेकायदा म्हंजी?" मुक्ताबाईनं विचारलं.

"म्हंजी धरून परत धाडत्यात. तिकडं." त्यानं मान वळवून आत पाहिलं. पंकजा कोठीपाशी उभी होती, झाकणावर हात ठेवून. "तूच कुटंतरी पाडला. एसटीत पिशवी उघडी टाकून बसली आसशील. एवढं एक पुस्तक सांभाळता येईना तुला? तोंड उघड की. मुकी झाली का?"

पंकजा मान खाली घालून उभी राहिली.  गहिनीनाथ वाईट नवरा नव्हता, पण घाबरलेला माणूस कुणाला तरी बोलल्याशिवाय राहत नाही. त्यानं तिला आणखी बरंच बोलून घेतलं. शेजारी ऐकू जावं इतकं. मुक्ताबाई दाराच्या चौकटीला धरून सगळं ऐकत होती. आत्ता सांगावं, आत्ता, असं दहा वेळा तिच्या ओठापर्यंत आलं. पण पुस्तक निघालं की कचेरी, कचेरी आली की नाव-गाव, आणि नेपाळचं खोटं चव्हाट्यावर. नाही निघालं तर सोमवारनंतर पोरगी जाणार, आणि तिच्या पोटातलं नातवंडही जाणार. दोन्हीकडून सापळाच. ती चौकटीला धरून तशीच उभी राहिली, आणि त्या क्षणी तिला स्वतःची शिसारी आली.

"तितं काय करतीस?" शेवटी तिनं पंकजालाच दटावलं. "कोठीला हात लावू नको, वाकायचं न्हाई तुला."

"दाने गार लागत्यात," पंकजा म्हणाली आणि बाजूला झाली.

शनिवारी सकाळी चुलीपुढं दोघीच होत्या. पंकजा भाकरी थापायला शिकली होती. कडा अजून फाटायच्या. धुरानं तिचे डोळे पाणावले होते आणि त्यामुळं जास्तच हिरवट दिसत होते. मुक्ताबाई त्या डोळ्यांकडे बघत राहिली. सहा महिने एका चुलीवर रांधलं, पण ही बाई कोण हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. कळलं तर लपवायला आणखी एक गोष्ट व्हायची, म्हणून.

"हे डोळे कुनाचे गं?" तिनं विचारलं.

"पनजीचे, आत्या." सासूला आत्या म्हणायचं हे राहीबाईनं शिकवलेलं. "पनजी रशियन. लई भूक पडली हुती तवा. हिवाळ्यात आमची नदी गोठती. ती बर्फावरनं चालत पल्याड गेली, चीनमदी. तितं एका मानसानं जेवाय घातलं. भाजीवाला. तितंच राह्यली."

"मंग?"

"मंग आजी झाली. डोळे पनजीचे. पुढं वाईट दिवस आले. रशियन तोंडाचं मानूस म्हंजी हेर, आसं झालं. पनजोबाला नेलं धरून, बायको रशियन म्हनून. तो आला न्हाई." ती भाकर तव्यावर टाकत म्हणाली. "आजीनं केसाला काजळी लावली. कागदावर लिवलं, चिनी. घरात पनजीची बोली बंद. पनजी मेली तवा आजी तिच्या बोलीत रडली बी न्हाई. शेजारी ऐकत्याल म्हनून."

तव्यावरची भाकर उलटायची वेळ झाली होती. दोघींनाही भान नव्हतं.

"आन तुझी आय?"

"आय परत अल्याड आली, शेडवर. तितं लोक म्हनायचे, चिनी, जा तुझ्या काठावर." पंकजा किंचित हसली. "मी ज्या काठावर उभी राहते ना आत्या, तितली मानसं म्हनत्यात ही पल्याडची. आन आता हितं आले, तर नेपाळ."

तिनं ते टोचून म्हटलं नव्हतं. पण मुक्ताबाईच्या वर्मी लागायचं ते लागलंच. भाकर करपल्याचा वास आला तशी ती उठली आणि उगाचच पाणी आणायला बाहेर गेली. रांजणात पाणी काठोकाठ होतं.

रविवारी दुपारी ओसरीवर गावच्या बायका जमल्या. पाटावर हिरव्या साडीत पंकजा, हातात हिरवा चुडा, डोक्यावर शेवंतीची जाळी. मुक्ताबाई विधवा, म्हणून ती ओटीच्या ताटापासून लांब, आतल्या दारात उभी होती. गहिनीनाथ अंगणात माणसांत होता. उद्या सोमवार. त्याचा चेहरा चार दिवसांच्या तापातून उठल्यासारखा झाला होता. पंधरा-वीस बायका, हळदीकुंकवाचा वास, पोरांचा कालवा. मुक्ताबाईची नजर मात्र पुन्हा पुन्हा आतल्या कोठीकडे वळत होती.

तेवढ्यात सहादेवची मोटारसायकल अंगणात आली. मागं राहीबाई, आणि राहीबाईच्या मागं अवघडून बसलेली एक ठेंगणी, गोरटेली बाई. तिच्या हातात नारळ आणि खण. मुक्ताबाईनं तिला ओळखलं. तिसगावच्या स्टँडवर चायनीजची गाडी लावणाऱ्या नेपाळ्याची बायको.



"घे गं पंकजा," राहीबाई पायऱ्या चढत मोठ्यानं म्हणाली. तिचा चेहरा आनंदानं फुलला होता. "तुझ्या माहेरचं मानूस आनलं. दोन दिस पाठीमागं लागले तवा गाडी बंद ठिवून आली बिचारी. बोल आता तुझ्या बोलीत, पोटभर बोल."

बायका कौतुकानं सरकल्या. नेपाळी बाई पाटासमोर बसली, पंकजाकडे पाहून हसली आणि म्हणाली, "घर कहाँ हो, बहिनी?"

पंकजानं तिच्याकडे पाहिलं. मग पदराकडे पाहिलं.  कुणीतरी म्हणालं, लाजली वाटतं. बाईनं पुन्हा काही विचारलं, या वेळी हळू. पंकजाचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. तिच्या हिरव्या बांगड्या मात्र वाजत होत्या, कारण हात कापत होते.

नेपाळी बाईनं ते घारे डोळे बघितले, कापणारे हात बघितले, आणि मान वळवून दारातल्या मुक्ताबाईकडे पाहिलं. परमुलखात गाडी लावून पोट भरणाऱ्या बाईला भीती ओळखायला वेळ लागत नाही.

"यांचा पहाड लांब हाय," ती मोडक्या मराठीत म्हणाली. "बोली दुसरी. पण आमच्यातलीच."

ओसरीनं सुस्कारा सोडला. मुक्ताबाईनं चौकटीला डोकं टेकलं. बाईनं नारळ उचलला, पंकजानं पदर पसरला.

"बरं झालं," अंगणातून सहादेव म्हणाला. त्यानं खिशातून घडी केलेली यादी काढली आणि पायरीवर बसून गुडघ्यावर पसरली. "तुमच्या नावापुढं पुराव्याचं घोडं अडलं हुतं. आता ही बाईच सांगती म्हनल्यावर काम झालं. ह्ये लिवलं, पंकजा गहिनीनाथ, मूळ देश नेपाळ. बाई, साक्षीदार म्हनून हितं सही करा. आन तुमचा आधार नंबर सांगा."

बाईच्या हातातला नारळ पदरावर थबकला.

"सही?" ती म्हणाली.

"सही न्हाई येत तर अंगठा चालंल."

 बाईनं पुन्हा मुक्ताबाईकडे पाहिलं, आणि या वेळी तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता. तिची गाडी, तिचा नवरा, भाड्याची खोली, शाळेत जाणारी पोरं, सगळं त्या नजरेत होतं. तसली नजर मुक्ताबाई रोज सकाळी कोठीच्या पत्र्यात बघत होती. आणि हे आता तिनं तिसऱ्याच बाईच्या गळ्यात बांधलं होतं, जी बिचारी नारळ घेऊन ओटी भरायला आली होती.

"सही करू नगा," मुक्ताबाई म्हणाली.

आवाज तिचा तिलाच परका वाटला. ती ओसरीच्या मधोमध आली. ओटीच्या ताटापाशी विधवेनं येऊ नये हेही ती विसरली.

"ही नेपाळची न्हाई. मी खोटं बोलले. पयल्या दिवशी बोलले आन मंग मला थांबता आलं न्हाई. ही रशियाची हाय. हिचा पनजोबा चीनचा."

"म्हंजी चिनी?" मागून एक बाई पुटपुटली. तिच्या शेजारचीनं आपलं पोर जवळ ओढलं.

"आई, गप बस," गहिनीनाथ पायरी चढत म्हणाला. "आता सांगून काय उपेग? पासपोर्टच न्हाई आपल्याकडं."

"हाय," ती म्हणाली.

ती कोठीपाशी गेली. झाकण खाली पडलं, त्याचा आवाज घरभर घुमला. तिनं हात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं, खांदा पत्र्याच्या काठाला लागला, बाजरी चोळीत शिरली. लिंबाचा वाळका पाला बोटांना लागला. त्याखाली गाठोडं होतं. तिनं ते ओढून काढलं आणि उजेडात धरलं.

ते तिचं गाठोडं नव्हतं.

हिरव्या लुगड्याची चिंधी नव्हती. पांढरा रुमाल होता, लाल फुलांचा, पंकजा श्रावणात डोक्याला बांधून आली होती तो. गाठ एकच, बाजूला, मुक्ताबाईला कधी मारता न येणारी. गहिनीनाथनं तिच्या हातातून घेऊन गाठ सोडली. आत लाल पुस्तक होतं, आणि पुस्तकाच्या पोटात एक पिवळा पडलेला कागद, उभ्या-आडव्या रेघोट्यांच्या अक्षरांचा, कोपऱ्यात एका बाईचा फोटो. केस काळेभोर. डोळे फोटोतही फिके.

"तुला म्हाईत हुतं?" गहिनीनाथनं बायकोकडे बघितलं. "मी तुला परवा एवढं बोललो..."

पंकजा पाटावरून उठली. तिनं त्याला उत्तर दिलं नाही. सासूच्या खांद्यावरची बाजरी ती झटकायला लागली.

"आजी बी बाजरीतच ठिवायची, आत्या," ती म्हणाली. "तुमाला भ्या वाटत हुतं. मला बी वाटत हुतं. म्हनलं, ऱ्हाऊ दे तितंच."

मुक्ताबाईला रडू आलं ते तिनं आवरलं नाही. राहीबाई ताटापाशी तशीच उभी होती, तोंडाला पदर लावून. नेपाळी बाईनं नारळ अलगद ताटात ठेवला.

सहादेवनं पासपोर्टातला व्हिसाचा कागद उलगडला आणि तारखेवर बोट ठेवलं. "उद्याची हाय," तो म्हणाला. "वैनी, अवो रशियाची सून केली म्हनून तुमाला कोन काय करनार हुतं? आल्या आल्या सांगितलं आसतं तर दोन कागदाचं काम. आता शेवटच्या दिवशी जायचं, आन गावात सहा म्हैने नेपाळ."

"धाडत्याल का रे हिला?"

सहादेवनं व्हिसाचा कागद घडी करून पुस्तकात ठेवला. खोटं बोलणारा माणूस असता तर नाही म्हणाला असता.

"मला म्हाईत न्हाई," तो म्हणाला. "सकाळच्या पयल्या गाडीनं निघा. मी बी येतो." मग त्यानं तो पिवळा कागद उचलून उलटसुलट केला. "आन ह्ये काय?"

"आजीचा कागद," पंकजा म्हणाली. "त्याच्यावर आजी चिनी हाय."

"आन ती न्हवती?"

"ती जिती राह्यली."

 सहादेवनं गुडघ्यावरच्या यादीत 'नेपाळ' या शब्दावर आडवी रेघ मारली. त्याच्यापुढं बोटभर जागा होती.

"मंग हिचं काय लिहू, वैनी?"

मुक्ताबाईनं डोळे पुसले. तिनं पंकजाचा हात हातात घेतला.

"मला नगं इचारू," ती म्हणाली. "तिला इचार."

सहादेवनं पेन उचललं आणि पाटापाशी उभ्या असलेल्या पोरीकडे पाहिलं.  तिनं आधी स्वतःचं नाव सांगितलं, लिदा. आणि मग पणजीपासून सुरुवात केली, बर्फावरून चालत गेलेल्या. बोटभर जागा पणजीतच संपली. सहादेवनं कागद उलटा केला, मागची कोरी बाजू गुडघ्यावर नीट पसरली आणि म्हणाला, "हळू सांग, बाय. मला लिवायला येळ लागतो."